वडीवाले सर

आमच्या गावात सरांचं खरं नाव विचारलंत, तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. ‘वडीवाले सर’ म्हणा, की पानठेल्यावरचा गडी चुना लावता लावता हसेल. “थेच ना? महालक्ष्मीच्या पंगतीतून वड्याची परात घेऊन पयाले होते? गमबूट घालून?”

हो, तेच. गोष्ट खरी आहे. मी त्या पंगतीत बसलो होतो. सर परात छातीशी धरून धावत गेले ते माझ्या पत्रावळीला अगदी घासून. पण या गोष्टीची मागची बाजू फक्त दोघांना ठाऊक होती. एक सर, दुसरा मी. सरांनी ती सांगितली नाही, कारण त्यांना सांगायची नव्हती. मी सांगितली नाही, कारण मी भित्रा आहे. माझी बायको याला ‘अबोल स्वभाव’ म्हणते, तो तिचा मोठेपणा.

सांगतो. पण आधी सर सांगतो. माझं ओघात येईलच.

सर राजूरकडच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेले. काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं माहेर आमच्या गावात, म्हणून इकडे राहायला आले. बाकीची रिटायर माणसं सकाळी मारुतीच्या पारापर्यंत फिरायला जातात, सर कचरा डेपोपर्यंत जायचे. मी तेव्हा नगरपंचायतीत रोजंदारीवर होतो. डेपोच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे असायची आणि डेपोबद्दलच्या शिव्याही माझ्याकडेच यायच्या. पहिल्या दिवशी ते फाटकाशी उभे राहिले तेव्हा मला वाटलं, आणखी एक तक्रार आली. पांढराशुभ्र पायजमा, त्याखाली काळे गमबूट, खांद्याला झोळी. त्यांनी नाक वर करून मोठा श्वास घेतला, सणाच्या दिवशी स्वयंपाकघरात डोकावणारा माणूस घेतो तसा, आणि विचारलं,

“काढा कुठून निघते तुमचा?”

कचऱ्याच्या ढिगाखालून जे काळं, तेलकट, डोळ्यांत पाणी आणणारं पाणी झिरपतं, त्याला ते काढा म्हणायचे. सगळ्या गावाचा कचरा, वरून पाऊस, आतून त्याची स्वतःचीच ऊब. काढाच तो. आमचा काढा उतारावरून नाल्यात जायचा आणि नाल्यातून खालच्या बंजारा तांड्याच्या विहिरीपर्यंत. तांड्यातल्या बायांनी त्या विहिरीवर जाणं केव्हाच सोडलं होतं. आम्हाला ते माहीत होतं. माहीत असणं आणि काही करणं ही आमच्या ऑफिसात दोन वेगळी खाती होती.

सरांनी झोळीतून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली काढली, ती काढ्यानं भरली आणि थेट बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर जाऊन काळ्या चहाच्या ग्लासाशेजारी ठेवली. “सांग, तुझा कोणता अन् गावाचा कोणता?” टपरीवाला हात जोडून म्हणाला, “गुरुजी, तुमच्या चहाचे पैसे नका देऊ, पन ही बाटली उचला. गिऱ्हाईक पयून राह्यले ना.”

ती बाटली पुढे गावभर फिरली. नगरपंचायतीच्या अध्यक्षांच्या केबिनमध्ये तर सर रोज जाऊन बसत आणि बूच उघडून बाटली टेबलावर ठेवत. अध्यक्ष तसे मोठ्या पोटाचे आणि मोठ्या मनाचे गृहस्थ, पण नाक त्यांचं साधंच होतं.

“सर, बूच लावा.”

“आधी जागा द्या.”

असं करत करत डेपोच्या खालच्या अंगाची पडीक जागा मिळाली आणि खड्डे खोदायला जेसीबी मिळाला. त्याबरोबर एक दमही मिळाला. अध्यक्ष म्हणाले, “पाहा सर, तुमच्यासाठी करून राह्यलो. पन एक तक्रार आली, एकच, तर हाच जेसीबी पाठवून तुमचे टाके बुजवून टाकीन. निवडनूक तोंडावर हाय.”

“येऊच देत नाही तक्रार,” सर म्हणाले. सर कशाला घाबरत नसत, पण या एका वाक्याला घाबरत. रस्त्यावरून जेसीबी गेला, की ते बोलता बोलता थांबायचे आणि तो कुठे वळतो ते पाहायचे.

तर तीन टाकी झाली. टाकं म्हणजे उतारावर एकाखाली एक खोदलेला उथळ हौद. तळाला चोपलेली काळी माती, तिच्यावर जाड प्लास्टिक, वर गिट्टी आणि रेती. वरच्यातून खालच्यात पाणी हळूहळू उतरावं म्हणून पाइप. पाइपांचं काम रऊफभाईनं केलं. त्याचं बसस्टँडमागे गॅरेज, आणि एक ऑटो, जो तो गिऱ्हाइकांसाठी कमी आणि सरांसाठी जास्त चालवायचा. सरांना हे सगळं राजूरला सुचलेलं. तिथे खाणीचं पाणी एका खड्ड्यात साचायचं, खड्ड्यात आपोआप पाणकणीस माजलेलं, आणि एका अंगानं काळं शिरलेलं पाणी दुसऱ्या अंगानं बऱ्यापैकी होऊन निघायचं. “पोट्टे मी शिकवले,” सर म्हणायचे, “अन् मले त्या खड्ड्यानं शिकवलं.”

माणसांना सर सरसकट ‘अबे’ म्हणत. मानानं बोलत ते फक्त झाडांशी. पहिल्या टाक्यात जलकुंभी सोडली होती. तिला ते आत्याबाई म्हणायचे, कारण दोन दिवसांसाठी येते आणि सगळं घर व्यापून बसते. दुसऱ्या टाक्यात पाणकणीस. ते मास्तर. ताठ उभे राहतात, हातात छडी, आणि पायाखाली काय चाललंय ते तोंडावर दिसू देत नाहीत. तिसऱ्यात धोपा. तुमच्याकडे त्याला अळू म्हणतात, आमच्याकडे धोपा. तो जावई. जितकं द्याल तितकं पितो आणि वर तुकतुकीत दिसतो.

“या जावईबापू, आज जरा पिवळे दिसता. रात्री काही कमी पडलं का?” असं पानाला विचारताना मी त्यांना स्वतः ऐकलंय. तेवढ्यात माझ्याकडे वळून, “अबे, पाहत काय राह्यला? फावडं आण.”

एकदा रऊफभाई म्हणाला, “सर, मेरे गॅरेज का पानी भी छोड दूं क्या आपके टाके में? जला हुआ ऑइल है थोडा.”

“खबरदार! माही आत्याबाई मरेल.”

“मरेगी तो दूसरी आ जाएगी सर. आत्याबाईयों की कमी है क्या इस मुल्क में?”

सर हसले नाहीत. आत्याबाईच्या बाबतीत ते हळवे होते.

त्यांचं एक वाक्य मात्र मी इथे नीट लिहून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ त्यात आहे. दुसऱ्या टाक्यातून पाणी पहिल्यांदा निवळ आलं त्या दिवशी मी आनंदानं म्हणालो, “सर, घाण गेली!” तर त्यांनी माझ्याकडे नापास पोराकडे बघतात तसं पाहिलं.

“घाण जात नसते बे. घाणीची बदली होते. पाण्यात होती, पानात गेली. आता ते पान बकरीनं खाल्लं तर बकरीत, अन् बकरी तू खाल्ली तर तुझ्यात. सरकारी नोकर आहेस, बदली समजत नाही तुले?”

म्हणून वाढलेली झाडं कापायची, पण बाहेर जाऊ द्यायची नाहीत. त्यासाठी डेपोच्याच आवारात एक पक्का तळ केलेला, जाळी लावलेला खड्डा होता. त्याचं नाव कोंडवाडा. कापलेली आत्याबाई, मास्तर आणि जावई सगळे कोंडवाड्यात जायचे. फाटकाची आणि कोंडवाड्याची एकेक किल्ली माझ्याकडे, एकेक सरांकडे. शिवाय कोणतं पान किती दिवसांत किती वाढतं हे कळावं म्हणून सरांनी एसटीच्या एका रिटायर कंडक्टरकडून तिकिटाचा पंच मिळवला होता. कोवळ्या पानाला देठापाशी टक्कन एक गोल भोक पाडायचे. “तिकीट काढलं याचं,” म्हणायचे. “आता पाहू कुठपर्यंत जाते.”

तांड्यातल्या धानीबाईची बकरी एकदा कुंपणातून आत शिरली आणि आत्याबाईचे दोन-चार घास घेऊन मोकळी झाली. सर गमबुटांसकट टाक्यात उतरून तिच्या मागे. बकरी हुशार, ती मास्तरांच्या आड लपली. धानीबाई कुंपणाबाहेरून ओरडायला लागली.

“ए याडी, माय वं! मारून टाकतं का गुरुजी तिले? बकरी हाय थे. तिले काय समजते, कोनतं खाव अन् कोनतं नाई?”

“तिले नाही समजत, तुले तर समजते? हिच्या पोटात आता गावाचा कचरा हाय!”

“तं गावाले सांग ना मंग! माह्या बकरीले काहून धमकवून राह्यला?”

सर गुडघाभर पाण्यातून कुंपणापर्यंत आले आणि म्हणाले, “बाई, दोन-चार दिवस बकरी मले दे. तपासतो.” बकरी सरांच्या घरी गेली आणि न्हाणीघरात राहिली. काकू आंघोळीला शेजारी जायच्या. सर सकाळ-संध्याकाळ लेंड्या भिंगातून बघत, वास घेत. परत दिली तेव्हा म्हणाले, “तब्येत ठणठणीत आहे. वागणूक खराब आहे.” धानीबाई म्हणाली, “तुमच्याच घरून शिकून आली असन.” त्यानंतर कुंपणाला बाभळीच्या फांद्या लागल्या, आणि धानीबाई सरांची पक्की पहारेकरीण झाली. दुसऱ्या कुणाची बकरी दिसली, की ती तांड्यातून शिव्या देत यायची.

सरांना लग्नाला बोलवायला लोक बिचकत. ते आशीर्वाद द्यायचे, अक्षता टाकायचे आणि मग मांडवामागे जायचे, खरकटं पाणी कुठे जातं ते बघायला. काकू विचारायच्या, “नवरी कशी होती हो?” सर सांगायचे, “उतार बरा काढला होता. पण पुढं तुंबते.”

हेही लक्षात असू द्या. ते कुठेही जेवायला गेले तरी आधी मोरी बघत.

आता माझं.

मला रोजंदारीवरून कायम करायचं प्रकरण अध्यक्षांच्या टेबलावर होतं. अध्यक्ष टेबलावर कमी आणि घरी जास्त असत, आणि घरात वहिनींचं चाले. वहिनी म्हणजे अध्यक्षांच्या मंडळी. वहिनींनी सांगितलेलं काम मी केलं नाही असं कधी झालं नाही. गॅसचा सिलिंडर, दळण, नातीच्या शाळेचा दाखला. नाही म्हणायला मला जन्मात जमलं नाही, आणि त्या वर्षी तर परवडणारही नव्हतं.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या, म्हणजे तुमच्याकडच्या गौरींच्या, आधी पावसानं ताण दिला होता. परसातले धोपे सुपारीएवढी पानं काढून बसले होते. महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं.

“भाऊ, उद्या जेवन हाय अन् धोप्याचे पानं नाई भेटून राह्यले कुठंच. वड्याशिवाय महालक्ष्म्या जेवतीन का? पाहा ना कुठं बी. तुमाले जमते.”

मला जमतं म्हणून मी निघालो. महागावच्या बाजारात पाहिलं. फुलसावंगीला गेलो तर भाजीवाली म्हणाली, “धोपा? सकाळी उजाडायच्या आत उडाला भाऊ, कोथिंबीर घे.” कोथिंबीर घेऊन वहिनींसमोर कसा जाणार? परत येताना डेपोवरून आलो. आणि तिसऱ्या टाक्यात जावईबापू उभे. साऱ्या तालुक्यात दुष्काळ, आणि यांचं एकेक पान सुपाएवढं, हिरवंगार, वर पाण्याचा एक थेंब मोत्यासारखा.

मी फाटकाचं कुलूप उघडलं.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. बदलीचा धडा मला तोंडपाठ होता. पण मी स्वतःला सांगितलं, हे तिसरं टाकं आहे, इथपर्यंत पाणी निवळच येतं. देठाजवळची गोल भोकंही मला दिसली. किडीची म्हणून खपतील असं वाटलं. आणि खपलीही. वहिनी पानं पुसताना म्हणाल्या, “पाहा व बाई, किड्यानं बी कसं गोल खाल्लं. कुठून आनले भाऊ?”

“फुलसावंगीहून,” मी म्हणालो. इतकं सरळ खोटं मी त्याआधी बोललो नव्हतो, आणि त्यानंतर बोलायची गरज पडली नाही, कारण तेच पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण. अध्यक्षांकडे महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे सारी गल्ली. सरांच्या टाक्यांचं नुकतंच कुठल्याशा पेपरात छापून आलं होतं आणि फोटोत सरांपेक्षा अध्यक्ष मोठे दिसत होते, म्हणून या वर्षी सरांनाही मानानं बोलावणं. सर आले रऊफभाईच्या ऑटोतून. धुतलेला पायजमा, धुतलेले गमबूट. काकूंनी निदान चपला घाला म्हणून किती सांगितलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आरती झाली, नैवेद्य दाखवला. दोन्ही महालक्ष्म्यांपुढे भरलेली ताटं ठेवून पडदा ओढला. आमच्याकडे हा रिवाज आहे. पडद्याआड त्या जेवतात, तोवर आत कुणी जायचं नाही. आम्ही अंगणात पत्रावळींवर जाऊन बसलो. वाढप सुरू झालं. मीठ, लिंबू, चटणी, सोळा भाज्या. वड्या तळणं चालू होतं. त्या गरम गरम शेवटी येणार होत्या. वास तर गल्लीच्या टोकापर्यंत.

आणि सर कुठे होते? सर मागच्या बाजूला होते. मोरी बघत.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात धोप्याच्या कापून टाकलेल्या पानाचा एक तुकडा होता. त्याला एक गोल भोक होतं. त्यांनी तो तुकडा उजेडाकडे धरला, भोकातून पंगतीकडे पाहिलं, आणि त्या भोकात नेमका मी सापडलो. मी मान खाली घालून मिठाकडे बघायला लागलो.

मी बोललो असतो तर? फार काही नाही. अध्यक्षांच्या महालक्ष्म्यांना डेपोवरचा नैवेद्य! एक सोडून अख्ख्या गावाची तक्रार झाली असती, संध्याकाळपर्यंत जेसीबी आला असता, तांड्याच्या विहिरीत पुन्हा काढा गेला असता, आणि माझं कायम व्हायचं प्रकरण कोंडवाड्यात. आणि कुणीच बोललं नाही तर पंगतीतली लहान लहान पोरं त्या वड्या खाणार होती. हे सगळं सरांना त्या तुकड्याच्या भोकातून एका दमात दिसलं असावं. त्यांनी तुकडा खिशात घातला.

मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. वड्यांनी भरलेली परात घेऊन वहिनी बाहेर पडतच होत्या.

“वहिनी, या धोप्याच्या वड्या?”

“हो सर. बसा ना, वाढते.”

“वाढू नका. मलेच पाह्यजेत. सगळ्या.”

वहिनींना वाटलं थट्टा आहे. त्या हसल्या. सरांनी परात धरली. वहिनींनीही धरली. क्षणभर दोघं परात ओढत होते, दळायला बसलेल्या दोन बायांसारखे.

“अहो सर! लोकं बसले हायेत!”

“लोकांले भाज्या आहेत सोळा. मी वडी वाटून खात नसतो.”

परात सुटली, सरांच्या हातात आली. इथवर झालं असतं तरी गाव कदाचित विसरलं असतं. पण सरांना आठवलं, की नैवेद्याच्या ताटातही वड्या आहेत, आणि तो नंतर प्रसाद म्हणून पोरांच्याच हातावर पडणार. ते गमबुटांसकट देवघरात शिरले आणि त्यांनी पडदा सारला.

अंगणातून किंकाळी फुटली. वहिनी ओरडल्या, “अहो, त्या जेवून राह्यल्या ना अजून!”

“पुरणावरच हायेत,” आतून सरांचा आवाज आला. “वडीपर्यंत नाही आल्या.”

बाहेर आले तेव्हा ताटातल्या वड्याही परातीत होत्या. नंतर कुणी म्हणालं, त्यांनी देवींना वाकून नमस्कार केला होता. कुणी म्हणालं, माफ करा म्हणाले. मी पाहिलं नाही. मी मिठाकडे बघत होतो. मला एवढंच दिसलं, की काळे गमबूट धप्प धप्प करत माझ्या पत्रावळीजवळून गेले, तिथे अर्धा श्वास थांबले, आणि पुढे गेले. बाहेरून आवाज आला, “रऊफ, चालू कर!” आणि रऊफभाईचा, “क्या हुआ सर, चोरी किये क्या?” आणि ऑटो गेला.

अध्यक्ष लाल झाले होते. पण पंगतीतला एक म्हातारा आधी खोकला, मग हसला, मग पोट धरून हसला. “भुका होता बिच्चारा!” त्याच्या मागे सगळी पंगत. शेवटी अध्यक्षही. “येडा हाय,” ते डोळे पुसत म्हणाले, “पन असा येडा दुसऱ्या तालुक्यात नाई.” वहिनी तेवढ्या रडत होत्या. आणि बायकांच्या पंगतीत काकू बसलेल्या होत्या. त्या उठल्या, हात धुतला आणि पायी घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर डेपोवर आले. मी पाया पडायच्या तयारीनं उभा होतो. त्यांनी तिसऱ्या टाक्यातला धोपा मुळासकट उपटला, एकट्यानं, आणि त्या जागी कर्दळी लावल्या. मी फावडं घेऊन जवळ गेलो तर म्हणाले, “कर्दळ कोणी खात नाही.” बस. एवढंच. त्यानंतर त्यांनी मला कधी ‘अबे’ म्हटलं नाही, ‘अहो’ म्हणायला लागले. ‘अहो, जरा ते पाइप धरा.’ शिक्षा काय असते ते मला त्या ‘अहो’नं कळलं.

मी कायम झालो. टाकी राहिली. तांड्यातल्या बाया परत विहिरीवर यायला लागल्या, प्यायला नाही, पण धुण्याला. सर वडीवाले झाले. पोरं मागून ओरडायची, “सर, वडी!” आणि सर वळून म्हणायचे, “आणली का?” त्यांना त्याचं काही वाटत नसावं. पण हळदीकुंकवाला बायका काकूंना विचारायच्या, “काकू, सरले घरी नाई का करून देत वड्या?” काकूंनी हळदीकुंकवाला जाणं सोडलं. सरांनी त्यांनाही खरं सांगितलं नव्हतं, हे मला नक्की माहीत आहे. सांगितलं असतं तर काकूंनी मला रस्त्यात उभं करून सोललं असतं. त्या मला शेवटपर्यंत पोह्यांना बोलवत राहिल्या. मी जात राहिलो, आणि खात राहिलो. त्या वारल्यावर सर गुडघ्यांपायी मुलीकडे अमरावतीला गेले.

मध्यंतरी टाक्यांपाशी छोटा कार्यक्रम झाला. दुसऱ्या गावांचे लोक टाकी बघायला आले होते. अध्यक्ष आता माजी झालेत, पण भाषण त्यांचंच. त्यांनी वडीची गोष्ट सांगितली, लोक हसून हसून लोळले, आणि शेवटी शाल मला घातली. ‘या माणसानं टाके जपले.’ ती शाल घेऊन मी घरी गेलो नाही. तसाच वहिनींकडे गेलो.

वहिनी आता थकल्यात. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. डेपो, कुलूप, भोकं, फुलसावंगी. एक शब्द लपवला नाही. वहिनींनी ऐकून घेतलं. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“किती चांगले हो भाऊ तुम्ही.”

“वहिनी, मी काय म्हणून राह्यलो ते—”

“समजलं मले. सर म्हातारे झाले, गावात नाही, म्हणून त्याइची लाज आपल्या अंगावर घेऊन राह्यले तुम्ही. पन राहू द्या. होता तो मानूस खादाड. देवीनं माफ केलं, आपन कोन?” आणि आत ओरडून सुनेला म्हणाल्या, “अवं, भाऊले चहा ठेव. साखर जास्त टाक.”

मी शपथ घेतली. त्या म्हणाल्या, असल्या गोष्टीवरून शपथ घेऊ नाही. संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं, की मी सरांसाठी खोटं बोललो. पानठेल्यावाल्यानं पानाचे पैसे घेतले नाहीत.

मग राहवेना. मी अमरावतीला फोन लावला.

“सर, मी वहिनीले खरं सांगून टाकलं.”

पलीकडून एकदम, “अबे मूर्खा! टाके बुजवतीन ना!”

किती वर्षांनी ‘अबे’ आलं.

“नाही सर. कोणी विश्वासच नाही ठेवून राह्यलं.”

“नक्की?”

“नक्की. म्हणते, सर खादाडच होते.”

सर हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता परत हसले. मागून मुलीचा आवाज आला, “बाबा, पाणी प्या.” पाणी प्यायचा आवाज झाला. मग ते फोनच्या अगदी जवळ येऊन हळू म्हणाले,

“एक सांगू? कोणाले सांगू नको.”

“नाही सांगत.”

“बरोबर आहे त्यांचं. एक खाल्ली मी. रऊफच्या ऑटोत. बाकीच्या कोंडवाड्यात टाकल्या, पण एक खाल्ली.”

“सर! तुम्ही? पानात काय काय असते, ते तुम्हीच तं—”

“मले शिकवते का बे? ते भोक मीच पाडलं होतं. पण गरम होती रे. अन् वरून तीळ.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

“कशी होती?”

पेपर तपासून गुण द्यावेत तसा सरांचा आवाज झाला.

“चिंच कमी पडली होती,” ते म्हणाले. “वहिनीले सांगू नको.”